गालावरची पेन्सिल

फोटो मोठे करायच्या जुन्या एन्लार्जरचं डोकं उतरवायला भाच्याला पाऊण तास लागला. स्क्रू चार, त्यातले दोन गंजलेले, आणि आत्याच्या सूचना एकोणीस.

"जपून. भाता फाटेल."

"फाटला तर फाटला, आत्या. तो आता लागणारच नाहीये."

"लागणार नाही म्हणून फाडायचा का?"

भाच्याने पुढचा स्क्रू हळूच सैल केला. त्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. वय पंचेचाळीस, कानावरचे केस पिकलेले आणि खिशात कायम बोटभर लांबीची पाणसळ. कुठेही गेला की आधी टेबल सपाट आहे का ते बघणार, मग बसणार. घरात सगळे त्याला काटेकोर म्हणत. हे कौतुक की टोमणा, हे त्याने कधी विचारलं नाही.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं कुणी विचारलंच तर "सवड झाली नाही" म्हणून मोकळी व्हायची. खाली त्याच भावाचा, तिच्या दादाचा, फोटो स्टुडिओ आणि वर तिच्या दोन खोल्या. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती, स्टुडिओ त्याआधीच बंद पडला होता. मागच्या खोलीतल्या कपाटात मात्र चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह तपकिरी पाकिटांत तशाच उभ्या होत्या. गावाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंना त्यातले सव्वीस जुने चेहरे वाचनकक्षाच्या भिंतीवर लावायचे होते. त्यांनी निगेटिव्ह एका कंपनीकडे स्कॅन करायला पाठवायला सांगितलं. भाच्याने साफ नकार दिला. वाटेत हरवल्या तर काय करायचं? त्यापेक्षा घरीच करतो, म्हणाला.

करायचं काय, तर एन्लार्जरला उलटं कामाला लावायचं. पूर्वी दिवा वर, त्याखाली निगेटिव्ह, आणि उजेड खाली कागदावर पडून फोटो मोठा व्हायचा. आता उजेडाची सपाट पाटी खाली फळीवर, तिच्यावर चौकटीत निगेटिव्ह, आणि दिव्याचं डोकं जिथे होतं तिथे खांबावर कॅमेरा, तोंड खाली करून. खांब जुना, ओतीव लोखंडाचा, हलवून न हलणारा. चाक फिरवलं की कॅमेरा केसभर वर, केसभर खाली. असा स्टँड आता विकत मिळत नाही, हे भाच्याने तीनदा सांगितलं.

"दादाने घेतला तेव्हाही सहजासहजी मिळत नव्हता," आत्या म्हणाली.

कॅमेरा आणि फळी एकमेकांना अगदी समांतर हवेत, नाहीतर फोटोचा एक कोपरा धूसर येतो. त्यासाठी भाच्याने आत्याचा हातातला आरसा मागून घेतला आणि फळीवर ठेवला. कॅमेऱ्याला आरशात स्वतःचाच डोळा दिसतो. तो बरोबर मधोमध दिसला की समजायचं, जमलं. मधोमध यायला दोन तास गेले. कॅमेऱ्याच्या बुडाखाली बसच्या जुन्या तिकिटांच्या घड्या सारून झाल्या, काढून झाल्या, पुन्हा सारून झाल्या. आत्या स्टुलावर बसून बघत होती. तिला कंटाळा आला नाही. केसभर चुकीसाठी दोन तास घालवणाऱ्या माणसाबद्दल तिला आपुलकीच होती.

पहिली निगेटिव्ह बसचालकाची घेतली. पंचवीस वर्षांचा बसचालक, नवी टोपी घालून आलेला. भाच्याने बटण दाबलं, काळ्याचं पांढरं केलं आणि चेहरा स्क्रीनभर मोठा केला.

आणि आत्याला आपलं काम दिसलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आत्या चाळीस वर्षं मागच्या खोलीत बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवत आली होती. चेहऱ्यावरचा फोड, डाग, खोल सुरकुती निगेटिव्हवर उजळ ठिपका नाहीतर उजळ रेघ होऊन दिसते. त्या उजळ जागेत टोकदार पेन्सिलीने शिसं भरत जायचं, आजूबाजूच्या कातडीशी मिळेपर्यंत. मग फोटोत डाग उरत नाही. एकेका चेहऱ्याला अर्धा दिवस, कधी दोन दिवस. काम चांगलं झालं याची खूण एकच, की झालेलं दिसत नाही. त्यात दादाचा नियम: गिऱ्हाइकाला कळता कामा नये. बाईला वाटलं पाहिजे की ती दिसतेच अशी, आणि बाप्याला तर त्याहून जास्त. म्हणून मागच्या खोलीत पोराबाळांना मज्जाव होता आणि घरातही त्या कामाचं नाव निघायचं नाही. आत्या पाकिटांवर नंबर घालते आणि फोटोच्या कडा कापते, एवढंच भाच्याला ठाऊक. फोटोच्या पाठीवर शिक्का दादाचा. गावात "काय हात आहे!" असं म्हणायचे ते दादाच्या हाताला.

आणि आता बसचालकाचा गाल वीतभर रुंद होऊन समोर आला होता आणि त्यावर शेकडो बारीक रेघा दिसत होत्या. सगळ्या स्वल्पविरामाएवढ्या. एकही दुसरीवर चढलेली नाही. जुन्या दिव्याच्या मऊ उजेडात आणि छोट्या फोटोत ज्या कधीच दिसल्या नाहीत, त्या कॅमेऱ्याने एकूण एक मोजून बाहेर काढल्या होत्या. आत्याला आनंद झाला. चित्राला बक्षीस मिळाल्यावर शाळकरी मुलीला होतो, तसला सरळ आनंद.

"घाण आहे बरीच," भाचा डोळे बारीक करून म्हणाला. "बघतो काय करता येतं."

इथे आत्याने तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. चाळीस वर्षांत कुणी आपणहून कौतुक केलं नव्हतं. आता हा एवढा बारकाईने बघणारा माणूस समोर आहे, तर त्यालाच उमगू दे, असं तिच्या मनाने घेतलं. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याची हौस म्हातारी होत नाही. ती हसू लपवत चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वाचनालयात गेली आणि तिने ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली गेला.

"मग भिंतीवर नावाची पाटी लागेल, तिच्यावर तुमचंही नाव हवं," बाई म्हणाल्या. "पण एक आहे. लोक विचारतील, यांनी काय केलं? तुमचं काम फोटोत दिसतं का?"

"इतकी वर्षं दिसत नव्हतं. आता दिसतं."

"मग झालं तर! दोन नावं घालू."

आत्या घरी आली ती तरंगतच. पाटीवर आपलं नाव कुठल्या अक्षरात असेल, दादाच्या शेजारी की खाली, याचा विचार करण्यात तिची सबंध दुपार गेली. तिला ते नाव हवं होतं. दादाचं कमी व्हावं असं अजिबात नाही, पण आपलंही हवं होतं.

मग तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आठ दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्यात थेंब वेळच्या वेळी. थेंब घालायला भाचेसून जिना चढून यायची आणि जाताना "खाली तुमच्या भाच्याने डोकं वर काढलेलं नाही हो" असं सांगून जायची. आत्या गादीवर पडून खांबावरचं चाक फिरल्याचा आवाज ऐकायची. नव्या डोळ्याने सगळं एकदमच बघू, असं तिने ठरवलं होतं.

नवव्या दिवशी ती खाली उतरली. जग धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख दिसत होतं. भाच्याने खुर्ची पुढे केली. सव्वीसच्या सव्वीस चेहरे तयार होते. त्याने पहिला उघडला, बसचालकाचा.

गालावर एकही रेघ नव्हती. होते ते फोड, पंचवीस वर्षांच्या वयाचे, टपोरे, जसेच्या तसे.

"कसं चकाचक झालं ना?" भाचा म्हणाला. "प्रत्येक निगेटिव्ह फिल्म साफ करायच्या औषधाने तीन-तीनदा पुसली. बोळ्यावर काळं यायचं थांबेपर्यंत."

मेजाखालच्या डब्यात कापसाचे बोळे होते. काठोकाठ भरलेले, करडे, जरासे चमकणारे. शिशाचा तो रंग आत्याने झोपेतही ओळखला असता. चाळीस वर्षं तो तिच्या बोटांना लागलेला होता.

"काय पुसलंस?" तिने विचारलं.

"मळ. काय चिकट होता! आणि गंमत म्हणजे कपड्यांवर नाही, मागच्या पडद्यावर नाही, नुसता चेहऱ्यावर."

"तुला त्यात गंमतच वाटली? मळ बसताना जागा बघून बसतो का रे?"

भाच्याने डब्यातला एक बोळा उचलून बघितला. ग्रॅमचा दहावा भाग चुकला तर ज्याला जेवण जात नाही, त्याला हा प्रश्न आठ दिवसांत एकदाही पडला नव्हता. तो आत्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

आत्याला राग आला. इतका की चष्म्याचं घर तिने मेजावर आपटलं आणि त्याची बिजागरी निखळली. मग तिने सगळं सांगितलं. पेन्सिल, मागची खोली, दादाचा नियम, एकेका गालाचे दोन-दोन दिवस. भाचा मधे एकदाच बोलला.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न तिलाही जिव्हारी लागला, कारण त्याचं उत्तर तिला माहीत होतं. स्तुती ऐकायची होती म्हणून. ते काही तिने बोलून दाखवलं नाही.

"पुढचा दाखव," ती म्हणाली.

एकेक चेहरा पुढे सरकू लागला. टपालखात्यातल्या साहेबांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या परत आल्या होत्या. दोघी जुळ्या बहिणींपैकी एकीच्या हनुवटीवरचा तीळ परत आला होता; तो काढायला दादानेच सांगितलं होतं, म्हणजे दोघी सारख्या दिसतील. आत्याने घालवलेलं सगळं आपापल्या जागी येऊन बसलं होतं. तिला त्यांची नावं आठवत नव्हती, डाग मात्र सगळे आठवत होते.

एकोणिसाव्या चेहऱ्यावर तिने भाच्याचा हात धरला. "थांब."

ही शिलाईवाली बाई. दोन गल्ल्या सोडून राहायची, शाळांचे गणवेश शिवायची, अजूनही थोडंफार शिवत होती. लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडून डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजलेला. फोटोत ती बावीस वर्षांची होती, मान ताठ, डोळे थेट समोर. आणि गाल भाजलेला, चुरगळलेल्या कापडासारखा.

तिचा फोटो काढला त्या दिवशी दादा निगेटिव्ह घेऊन मागच्या खोलीत आला होता. म्हणाला होता, "बाई गालावरचा हात काढायला तयार नव्हती. शेवटी मी सांगितलं, उजेड असा टाकतो की काही दिसणार नाही. तेव्हा हात काढला. आता तू बघ." उजेड असा कुणालाच टाकता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. आत्या त्या गालावर तीन दिवस बसली. बाईला ती कधी भेटलीही नाही. फोटो काउंटरवरून गेला.

"हा काढून टाकू यादीतून," भाचा म्हणाला.

"जे हयात आहेत त्यांना ग्रंथपालबाईंनी बोलावणं धाडलंय. ही येणार आहे. उद्घाटनासाठी नवा कोट शिवतेय, कालच सूनबाईने सांगितलं मला. येऊन भिंत शोधेल आणि तिचाच फोटो नाही?"

"मग?"

"कधी आहे ते?"

"शनिवारी."

तो मंगळवार होता. आत्याने राळ आणि टर्पेंटाइन मागवलं. दोन्ही मिसळून पातळ लेप निगेटिव्हवर लावला की शिसं धरतं, नाहीतर पेन्सिल नुसती घसरते. स्टुडिओतली बाटली केव्हाच सुकली होती. मग तिने पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलं, निगेटिव्ह काचेच्या उतरत्या मेजावर लावली आणि भिंग ओढून घेतलं. नवा डोळा कामाला आला. हाताचं तसं नव्हतं. पहिल्या तासात दोनदा रेघ भलतीकडे गेली, दोनदा लेप पुसून सगळं नव्याने लावावं लागलं. बाकीच्या पंचवीस चेहऱ्यांचा विचार तिने तिथेच सोडला. बसचालक आपले फोड बघून हसेल; ते घरी सगळ्यांना माहीत होते. उरलेल्यांपैकी बहुतेक जण आता तक्रार करायला नव्हते.

भाचा स्टुलावर बसून होता. दुकान त्याने बंदच ठेवलं होतं. मंगळवारची दुपार, सबंध बुधवार, सबंध गुरुवार तो बघत राहिला. एक रेघ, मग श्वास, मग दुसरी रेघ. बुधवारी केव्हातरी तो म्हणाला, "आत्या, हे तू चाळीस वर्षं केलंस?" तिने मान वर न करता "हं" म्हटलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली होती ते हेच होतं, आणि आलं तेव्हा नेमकी वरच्या ओठाजवळची रेघ चालू होती. तरी तिला बरं वाटलं. ते तिने नंतर चहा पिताना कबूलही केलं.

गुरुवारी संध्याकाळी निगेटिव्ह फळीवर चढली. भाच्याने बटण दाबलं. गाल नितळ झाला होता. पण मोठं करून बघितलं की त्यावर सगळ्या रेघा दिसत होत्या, पूर्वीइतक्या सरळ नाहीत, काही जरा कापऱ्या, पण दिसत होत्या.

तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला. भाच्याने तो स्पीकरवर घातला.

"फोटो बघितले. काय खरे चेहरे आहेत हो! एक तेवढा यायचाय. आणि पाटी लिहायला द्यायचीय, दोन नावं ना? आत्याबाईंचं काम नेमकं कुठे बघायचं?"

भाच्याने आत्याकडे बघितलं. दुसऱ्या नावाची गोष्ट त्याला आत्ता कळत होती, आणि आपण कापसाने काय काय पुसलं हेही आत्ताच. "पाच मिनिटांत कळवतो," असं सांगून त्याने फोन ठेवला.

"आहे की काम!" तो घाईघाईने म्हणाला. "हा एकच आहे, पण यात सगळं दिसतंय. हा असाच मोठा करून लावू. शेजारी लिहू, पेन्सिलीने कसं केलं ते. तुझं नाव लागेल, आत्या. लागायलाच पाहिजे."

"आणि तिचा गाल?"

भाचा स्क्रीनवरच्या गालाकडे वळला.

"रेघा दिसल्या की लोक विचारणार, रेघांखाली काय आहे," आत्या म्हणाली. "तिच्या देखत विचारणार."

तिने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. रेघा सुरेख होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडेही झाले नव्हते आणि तिला अशा रेघा काढता आल्या होत्या. पुन्हा जमतील असं तिला वाटत नव्हतं. त्या कुणी बघाव्यात असं तिला फार वाटत होतं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

"उजेड पसरवता येईल का?" शेवटी तिने विचारलं. "चारी बाजूंनी यायला हवा. पेन्सिल दिसता कामा नये."

भाच्याने उजेडाच्या पाटीवर दुधी अॅक्रिलिकचा तुकडा टाकला आणि निगेटिव्हची चौकट त्याच्यापासून चार बोटं वर उचलली. मग खांबावरचं चाक फिरवून कॅमेरा वर नेला. फोटो घेतला, बघितला, आणखी थोडा वर नेला. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "आता नुसता गाल आहे."

आत्याने भिंग लावून बघितलं. नुसता गाल होता. तिने स्वतःच फोन लावला आणि ग्रंथपालबाईंना सांगितलं, की नाही, माझं काम दिसत नाही, एकच नाव घाला.

शनिवारी सकाळी वाचनकक्षात चाळीसेक माणसं होती. ग्रंथपालबाई प्रत्येकाला सांगत होत्या की या फोटोग्राफरने लोकांना सजवलं नाही, आहेत तसे दाखवले, हेच त्यांचं मोठेपण. बसचालक आपल्या फोडांपुढे उभा राहून हसत होता. पाटीवर दादाचं नाव होतं, मोठ्या अक्षरात, दुसऱ्या कुणाला जागा उरणार नाही असं मधोमध.

शिलाईवाली बाई उशिरा आली. नवा निळा कोट, हातात काठी, केस सगळे पांढरे, आणि डाव्या गालावरून ओढलेली ओढणी. ती एकोणिसाव्या फोटोपुढे थांबली ती थांबलीच. मग तिला आत्या आणि भाचा दिसले.

"तुम्ही त्यांच्या बहीण ना? काउंटरवर कधी दिसला नाहीत."

"मी मागे असायचे," आत्या म्हणाली.

"मला तेव्हा फार भीती वाटत होती हो. हात काढवेना गालावरून. तुमचे भाऊ म्हणाले, काढा हात, मी उजेड असा टाकतो की काही दिसणार नाही. मला वाटलं, समजूत काढतायत." तिने फोटोकडे बघितलं. "पण टाकला त्यांनी. एवढी वर्षं झाली, घरातल्या आरशात मी कधी बघत नाही. या फोटोकडे रोज बघते. मला माहितीये ना, मी एकदा अशी दिसले होते. नुसत्या उजेडाने!"

भाच्याने बोलायला तोंड उघडलं. आत्याने त्याचा दंड धरला, चांगला घट्ट, आणि त्याने ते मिटलं.

"काय उजेड होता त्यांच्या हातात," बाई म्हणाली.

"होता," आत्या म्हणाली.